३८ वर्षं एकच संघ: पॅट समिट आणि आपल्या कॉलेजातल्या मुली

भुईकोट

मुलींच्या कॉलेज बास्केटबॉलमध्ये प्रशिक्षक म्हणून अख्खी कारकीर्द काढलेल्या बायकांमध्ये मी पॅट समिट यांचं नाव सगळ्यात वर ठेवते. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठाच्या मुलींच्या संघाच्या त्या १९७४ ते २०१२ मुख्य प्रशिक्षक होत्या. १,०९८ सामने जिंकल्या, २०८ हरल्या, राष्ट्रीय विजेतेपदं ८. निवृत्त झाल्या तेव्हा तिथल्या कॉलेज बास्केटबॉलच्या सगळ्यात वरच्या गटात एवढे विजय कुणाच्याच नावावर नव्हते, पुरुष संघांचे प्रशिक्षक धरूनसुद्धा.

पण मला त्यांची सुरुवात जास्त मोलाची वाटते. त्या शेतकऱ्याच्या घरच्या. जिथे राहत होत्या तिथल्या हायस्कूलला मुलींचा संघ नव्हता, म्हणून वडिलांनी शेजारच्या भागात बिऱ्हाड हलवलं, कारण तिथल्या शाळेत संघ होता. टेनेसी विद्यापीठात त्या एम.ए. करायला आणि मदतनीस म्हणून गेल्या. आधीच्या प्रशिक्षक रजेवर गेल्या आणि संघ एकदम यांच्या हातात आला. वय २२. संघातल्या काही मुली त्यांच्यापेक्षा जेमतेम वर्षभराने लहान. पगार महिन्याला २५० डॉलर. संघाची व्हॅन स्वतः चालवायच्या, मुलींचे गणवेश स्वतः धुवायच्या. पहिलाच सामना एका गुणाने हरल्या.

त्याच काळात स्वतःचा अभ्यास, शिकवणं आणि दुखापत झालेल्या गुडघ्याची तयारीही चालू होती, कारण १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिंपिकमध्ये महिलांचं बास्केटबॉल पहिल्यांदाच येणार होतं. तिथे त्या खेळाडू म्हणून उतरल्या आणि रौप्यपदक घेऊन आल्या. १९८४ ला लॉस एंजेलिसमध्ये त्यांच्याच हाताखाली अमेरिकेच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं.

आता ज्या गोष्टीसाठी हा धागा काढलाय ती. टेनेसीला पहिलं राष्ट्रीय विजेतेपद मिळालं १९८७ मध्ये. समिट यांचा तो तेरावा हंगाम होता. तेरावा! मधल्या बारा वर्षांत कितीतरी वेळा संघ अगदी जवळ जाऊन हरला. तरी विद्यापीठाने त्यांना ठेवलं आणि त्याही राहिल्या.

मी सोलापुरात एका कॉलेजात शारीरिक शिक्षण विभागात आहे, मुलींचा बास्केटबॉल संघ बघते. आपल्याकडे काय होतं ते मी आतून बघितलंय. जुलै-ऑगस्टमध्ये नवीन प्रवेश झाले की नोटीस लागते. दहा-बारा मुली येतात, त्यातल्या निम्म्यांनी शाळेत खो-खो नाहीतर हँडबॉल खेळलेला असतो. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा तोंडावर आली की बाहेरून कुणीतरी मार्गदर्शक तीन आठवड्यांसाठी बोलावले जातात. स्पर्धा होते, फोटो निघतो, जानेवारीत इथली गड्ड्याची जत्रा आली की ग्राउंड रिकामं. पुढच्या वर्षी मार्गदर्शक वेगळे, त्यांची पद्धत वेगळी, आणि मुली पुन्हा पहिल्यापासून दोन पावलांचा लेअप, म्हणजे रिंगजवळ पळत जाऊन चेंडू टाकणं, शिकतात. मुलीला कॉलेजात मिळतात तीन वर्षं. त्या तीन वर्षांत तीन माणसं तिला तीन वेगळ्या गोष्टी सांगतात.

माझं ठाम मत आहे: मुलींचा संघ टिकायचा असेल तर आधी प्रशिक्षक टिकली पाहिजे. कोर्ट, किट, बूट हे सगळं नंतर. तुमचे अनुभव लिहा. खेळलेल्यांनी लिहाच, पालकांनीही लिहा.

पार्कचौपाटी

सुंदर लिहिलंय ताई. मी मुलांच्या संघात खेळायचो, बरीच वर्षं झाली. आमच्या वेळी कोर्ट एकच आणि ते कायम मुलांच्या ताब्यात. मुली कडेला ड्रिबलिंग करत थांबायच्या, आम्ही दमलो की मग त्यांची पाळी. तेव्हा त्यात काही वावगं आहे असं कुणी म्हणतही नव्हतं, सरसुद्धा नाही.

एक विचारायचं होतं. या बाई नेमकं शिकवायच्या काय? म्हणजे आठ वेळा जिंकायला त्यांच्याकडे वेगळं काय होतं?

भुईकोट

@पार्कचौपाटी, चांगला प्रश्न. त्यांचा सगळा भर बचावावर आणि रिबाउंडवर. रिंगला लागून आलेला चेंडू ज्याच्या हातात, सामना त्याचा, हे त्यांनी मुलींच्या अंगात भिनवलं. रिबाउंडला उंची लागतेच, पण त्याआधी जागा धरावी लागते. समोरची आणि रिंग यांच्या मधे शिरून, पाठ तिला लावून, गुडघे वाकवून पाय रोवायचे. आपल्या मुलींना हेच सगळ्यात जड जातं. लहानपणापासून अंग चोरून चालायची सवय लागलेली असते. धक्का बसला की त्या मागे सरतात आणि वर 'सॉरी' म्हणतात. मी पहिले दोन आठवडे चेंडूच देत नाही. जोड्या लावते आणि नुसती जागा धरायला लावते. ज्या दिवशी एखादी मुलगी सॉरी न म्हणता उभी राहते, त्या दिवशी ती खेळाडू झाली असं मी धरते.

दुसरं म्हणजे त्या सरावाला मुलांना बोलवायच्या. विद्यापीठातली मुलं मुलींच्या संघाविरुद्ध खेळायची. ही सोय आपल्याकडेही बिनखर्चाची आहे, फक्त मुलांना आधी नीट समजावून सांगावं लागतं. चेंडू मात्र मुलींचाच, म्हणजे सहा नंबरचा. आपल्याकडे कितीतरी ठिकाणी मुलींना सरावाला मुलांचा सात नंबरचा चेंडू देतात, कपाटात तेवढाच असतो म्हणून. मग स्पर्धेत सहा नंबर हातात आला की नेम चुकतो आणि दोष मुलीला.

आणि तिसरं, अभ्यास. वर्गात पहिल्या तीन रांगांतच बसायचं, तास बुडवायचा नाही, हा त्यांच्या संघाचा नियम होता. त्यांच्याकडे पूर्ण मुदत खेळलेल्या प्रत्येक मुलीने पदवी घेतली. विजयांच्या आकड्यांपेक्षा हे मला कितीतरी मोठं वाटतं.

निळासावळा

लेख वाचला. माहिती चांगली आहे, पण तुलना पटली नाही. टेनेसीच्या मैदानात वीस हजार माणसं बसतात, सामने टीव्हीवर दिसतात, प्रशिक्षकाला मदतनीस, डॉक्टर, फिजिओ सगळं. आपल्याकडे रिंगला जाळी नसते आणि मार्चनंतर दुपारी कोर्टवर पाय ठेवला तर बुटाचा तळ चिकटतो. एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या पुढे. तिथला माणूस इथे आणून ठेवला तरी तो काय करणार? पैसा आला की सगळं येतं. आधी पैसा, मग बाकीचं.

कंबरतलाव

मी सोलापूरचीच, शिकायला नॉक्सव्हिलला होते, म्हणजे याच टेनेसी विद्यापीठात. म्हणून लिहायला बसले.

निळासावळा, क्रम उलटा आहे. वीस हजारांचं ते मैदान समिटबाईंच्या सुरुवातीच्या काळात नव्हतंच. १९७४ ला मुलींच्या बास्केटबॉलला तिथेही कुणी विचारत नव्हतं. १९७२ मध्ये तिथे 'टायटल नाइन' हा कायदा झाला: सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेत मुलगी म्हणून कुणाला डावलायचं नाही. त्यात खेळाचा उल्लेखसुद्धा नव्हता, पण खेळालाही तो लागू झाला आणि मुलींच्या संघांना पैसे देणं विद्यापीठांना भाग पडलं. तेही लगेच नाही, भांडून भांडून. कॉलेज खेळांची मोठी संघटना एनसीएए मुलींची राष्ट्रीय स्पर्धा घ्यायला लागली १९८२ पासून. तोवर बायकांची वेगळी संघटना त्या स्पर्धा चालवायची. म्हणजे समिटबाईंनी पहिली आठ वर्षं काढली ती पैसा यायच्या आधीची.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. १९७२ च्या सुमारास तिथे मुलींच्या कॉलेज संघांपैकी ९० टक्क्यांहून जास्त संघांना बाईच प्रशिक्षक होती, सगळे खेळ धरून. पैसा आणि पगार आल्यावर पुरुष त्या जागांसाठी अर्ज करायला लागले आणि ते प्रमाण निम्म्याच्याही खाली गेलं. तेव्हा पैसा आला की सगळं येतं, हे खरं नाही. पैसा आल्यावर बायकांच्या हातातून बरंच गेलंही.

नॉक्सव्हिलमध्ये या बाईंबद्दल लोक जे बोलतात ते घरच्या माणसाबद्दल बोलावं तसं. १९९० मधली एक गोष्ट तिथे सगळ्यांना पाठ आहे. दिवस भरत आलेले असताना त्या एका शाळकरी खेळाडूला, तिने आपल्या संघात यावं म्हणून, भेटायला विमानाने पेनसिल्व्हेनियाला गेल्या. तिच्या घरी बसलेल्या असतानाच कळा सुरू झाल्या. परतीच्या वाटेवर वैमानिक म्हणाला, व्हर्जिनियात उतरूया. बाई म्हणाल्या, नाही, माझं मूल टेनेसीतच जन्माला येणार. आणि तसंच झालं. ती खेळाडू आधी दुसऱ्याच विद्यापीठात गेली, पण नंतर टेनेसीला आली आणि १९९६ च्या विजेत्या संघात होती.

२०११ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी स्वतःच जाहीर केलं की त्यांना अल्झायमर झालाय. वय ५९. तरी पुढचा हंगाम त्या बाकावर बसल्या. बरंचसं काम त्यांच्या जुन्या सहायक हॉली वॉर्लिक यांनी सांभाळलं, आणि २०१२ पासून संघ त्यांच्याकडेच गेला. वॉर्लिक स्वतः समिटबाईंकडे खेळलेल्या होत्या. २०१६ च्या जूनमध्ये समिटबाई गेल्या.

हुतात्मा_एक्सप्रेस

मी सोलापुरात कॉलेजला असताना तीन वर्षं खेळले, आता पुण्यात नोकरी. भुईकोट मॅडमनी तीन वर्षांत तीन माणसं असं लिहिलंय, ते माझ्या बाबतीत शब्दशः झालं. पहिल्या वर्षी मला सेंटरला, म्हणजे रिंगखालच्या जागेवर, उभं केलं, उंची बघून. दुसऱ्या वर्षीचे सर म्हणाले तू फॉरवर्ड, म्हणजे जागाच वेगळी. तिसऱ्या वर्षी जे आले त्यांनी नाव विचारेपर्यंत स्पर्धा आली.

पण मला एक वेगळी गोष्ट मांडायची आहे, आणि ती स्पष्टच लिहिते. प्रशिक्षक बाई असणं आमच्यासाठी फार महत्त्वाचं होतं. पाळीच्या दिवसांत पोट दुखत असलं तर सरांना काय सांगणार? आम्ही 'ताप आहे' म्हणायचो. मग ते म्हणायचे ही मुलगी सारखी आजारी पडते, हिला बाहेर बसवा. आमच्यातल्या एकीला यामुळे संघातून काढलं. ती आमची सगळ्यात चांगली पासर होती.

विद्यापीठ संघाची निवड झाली की बाहेरगावी जायचं असतं. पश्चिम विभागाच्या स्पर्धा गुजरात, राजस्थान, मध्य प्रदेश कुठेही असतात. रेल्वेत रात्र काढायची, तिथे गेलं की हॉस्टेलच्या हॉलमध्ये आपापली सोलापुरी चादर अंथरून झोपायचं. आमच्या घरांतून पहिला प्रश्न एकच असायचा: बरोबर मॅडम आहेत का? मॅडम असल्या तर हो, नाहीतर नाही. माझी एक मैत्रीण निवड होऊनही गेली नाही, कारण शेवटच्या दिवसापर्यंत संघासोबत बाई कोण हेच ठरलं नव्हतं. तिच्या आईने बॅग भरून ठेवली होती, भाकऱ्या आणि शेंगाचटणी बांधून. वडिलांनी ती बॅग उघडायला लावली. मला अजून त्याचा राग आहे. वडिलांचा नाही, त्यांना भीती वाटणारच. ज्यांनी बाई नेमली नाही त्यांचा.

निळासावळा

हुतात्मा_एक्सप्रेस, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटलं. संघासोबत बाई असायलाच हवी, यात वाद नाही.

मुद्दा मात्र नीट तपासू. पुरुष प्रशिक्षकांनीही मुलींचे संघ उभे केलेत. जीनो ऑरिएम्मा १९८५ पासून कनेटिकट विद्यापीठाच्या मुलींना शिकवतायत, राष्ट्रीय विजेतेपदं १२, म्हणजे समिटपेक्षा चार जास्त. आपल्याकडे भिलाईचे राजेश पटेल. पोलाद कारखान्याच्या गावात त्यांनी मुली घडवल्या, छत्तीसगडच्या संघाला राष्ट्रीय पदकं मिळवून दिली, देशाच्या संघात खेळाडू पाठवल्या. २०१८ मध्ये ते गेले. भिलाई काही मुंबई-दिल्ली नाही. आपल्यासारखंच उन्हाळ्याचं, कामगारांचं शहर.

भुईकोट

@निळासावळा, तुम्ही माझंच म्हणणं पुढे नेलंत. ऑरिएम्मा किती वर्षं एका जागी आहेत? चाळीस. २०२४ मध्ये विजयांच्या यादीत ते सगळ्यांच्या पुढे गेले. त्याआधी तो मान स्टॅनफर्डच्या टॅरा व्हॅनडरव्हिअर यांचा होता, १,२१६ विजय, आणि स्टॅनफर्डमध्ये त्या जवळजवळ चार दशकं होत्या. पटेल सर भिलाईतच राहिले. बाई असो की पुरुष, यातला प्रत्येक माणूस एका जागी मुरलेला आहे, लोणच्यासारखा. आणि भिलाईत हे होऊ शकलं त्यामागे कारखाना होता, माणसाला कायमची नोकरी होती. दर जूनला 'या वर्षी घेतात का नाही' ही टांगती तलवार असती तर पटेल सर झाले असते का?

हुतात्मा_एक्सप्रेस जे सांगतायत ते वेगळं आहे आणि तेही खरं आहे. आमच्या सरावाची वेळसुद्धा मुलींच्या घरावर ठरते. ज्या दिवशी नळाला पाणी येणार, त्या दिवशी निम्म्या मुली उशिरा येतात. चार-पाच दिवसांनी येणारं पाणी भरून ठेवल्याशिवाय घरातून निघता येत नाही. वेळ न पाळणारी मुलगी म्हणून बाहेरून आलेला मार्गदर्शक तिला दहा फेऱ्या मारायला लावतो. इथे वर्षानुवर्षं राहिलेल्या माणसाला ठाऊक असतं की आज जुना विडी घरकुलकडे पाणी आहे, त्या भागातल्या मुली सातला येतील, तोवर बाकीच्यांचं फ्री थ्रो उरकून घ्यावं.

टेनेसीत टमिका कॅचिंग्ज म्हणून मोठी खेळाडू होऊन गेली. तिला जन्मापासून कमी ऐकू येतं. लहानपणी मुलं चिडवायची म्हणून तिने कानातलं यंत्र फेकून दिलं होतं, पुढे कित्येक वर्षं ओठ वाचून खेळली. समिट यांच्याकडे आल्यावर त्यांनी तिला पुन्हा यंत्र लावायला तयार केलं. पुढे तिने ऑलिंपिकची चार सुवर्णं जिंकली. माणूस ओळखायला वेळ द्यावा लागतो, तीन आठवड्यांच्या कंत्राटात ते होत नाही.

खडूफळा

या चर्चेत नेमणुकीची बाजू यायला हवी. मी महाविद्यालयातच आहे, विषय वेगळा.

आपल्या व्यवस्थेत 'महिला बास्केटबॉल प्रशिक्षक' असं पदच नाही. महाविद्यालयाला एक शारीरिक शिक्षण संचालक. त्यासाठी शारीरिक शिक्षणात ५५ टक्क्यांनी पदव्युत्तर पदवी, वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा नाहीतर पीएच.डी., शिवाय धावण्या-चालण्याची शारीरिक चाचणी. एवढं करून नेमणूक झाली तर त्या एका माणसाने बुद्धिबळापासून कुस्तीपर्यंत सगळं बघायचं. नावनोंदणी, पात्रता अर्ज, प्रवासभत्ता, किटचे कोटेशन, राष्ट्रीय दिनांची संचलनं, सगळं त्याच्याकडे. बास्केटबॉलला त्यातून उरतं काय? आणि ही पदंही भरली न गेल्याने कितीतरी ठिकाणी तासिका तत्त्वावर, म्हणजे तासाप्रमाणे पैसे देऊन, काम चालतं.

दुसरा मार्ग प्रशिक्षणाचा. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था, १९६१ पासूनची. तिथला वर्षाचा डिप्लोमा ज्याला आपण नुसतं 'एनआयएस' म्हणतो. सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रमही असतो. एनआयएस झालेल्या माणसाला सरकारी क्रीडा केंद्रं, मोठ्या शाळा, अकादम्या इथे संधी आहे. पण महाविद्यालयात संचालक व्हायचं तर तो डिप्लोमा एकटा पुरत नाही, पदव्युत्तर पदवी लागतेच. म्हणून ज्या मुलीला हे क्षेत्र घ्यायचंय तिने पदवीनंतर बी.पी.एड., एम.पी.एड. या शारीरिक शिक्षणाच्या पदव्या कराव्या, त्यात सेट काढावी आणि जमेल तेव्हा एनआयएस जोडावं. आणि स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली असावी, ते प्रमाणपत्र जन्मभर उपयोगी पडतं.

विणकर

भुईकोट मॅडम आणि सगळ्यांना नमस्कार. मी अशोक चौकाकडचा. आमचं घर पद्मशाली, मागावर काम करतो. मंडळी विड्या वळते. मुलगी बी.कॉम. दुसऱ्या वर्षाला आहे, तिला बास्केटबॉलचं वेड लागलंय. उंची माझ्यापेक्षा जास्त झाली. तिनेच हा धागा मला मोबाईलवर दाखवला आणि म्हणाली, नाना वाचा.

मी सरळ विचारतो. आमच्या घरात एक हजार विड्या वळून झाल्याशिवाय त्या दिवसाचा पूर्ण पगार नाही. मुलगी पण हात लावायची, आता संध्याकाळी ग्राउंडवर जाते म्हणून तिची आई रात्री बसते. आई काही बोलत नाही. पण मला दिसतं. यातून पुढे काय हाय? नातेवाईक म्हणतात चड्डी घालून पोरगी पळते, लग्नाला अडचण येईल. ते मी ऐकून घेतो, उत्तर देत नाही. पण नोकरी लागेल का नाही हे मला कळायला पाहिजे. रेल्वेत खेळाडूंना घेतात म्हणे, खरं का?

हुतात्मा_एक्सप्रेस

काका, नातेवाईकांचं अजिबात मनावर घेऊ नका. माझ्या घरी हेच बोलले. मी आज ज्या नोकरीत आहे तिथे मुलाखतीत अर्धा वेळ बास्केटबॉलवरच बोलणं झालं.

भुईकोट

विणकर दादा, तुम्ही विचारलंत हे फार बरं केलं. गोड बोलून तुम्हाला फसवणार नाही.

रेल्वे खेळाडूंना नोकरी देते हे खरं आहे. देशात महिलांच्या बास्केटबॉलमध्ये रेल्वेचा संघ वर्षानुवर्षं सगळ्यात बलाढ्य आहे. पण तिथे जायला राष्ट्रीय पातळीवरची कामगिरी लागते. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघात गेली, २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाचा ब गट आपल्या मुलींनी जिंकला त्यात ती होती. त्या पातळीला दुसऱ्या वर्षाला सुरुवात केलेली मुलगी पोहोचेल असं मी म्हणणार नाही. राज्य सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, पण त्यालाही ठरावीक स्पर्धांतलं प्राविण्य लागतं. नुसतं भाग घेतल्याचं प्रमाणपत्र चालत नाही.

शिकवण्याचा मार्ग मात्र तिच्या आवाक्यात आहे. खडूफळा सरांनी लिहिलंय तसं. त्यात पहिली काही वर्षं पैसा कमी, हे मी लपवत नाही. पण मुलींना शिकवणाऱ्या बाईची शाळाशाळांत गरज आहे, आणि सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड तिन्ही घरांतल्या मुली खेळायला येतात. तुमची मुलगी तेलुगू बोलणाऱ्या आईला समजावून सांगू शकेल की सरावाला का पाठवायचं. ते मला जमत नाही, दुभाषी लागतो.

आणि विड्यांचं. सरावाची वेळ सकाळी केली तर तिची संध्याकाळ मोकळी होईल का? आमच्याकडे दोन मुलींसाठी आम्ही तसं केलंय. तिच्या मॅडमना किंवा सरांना स्वतः भेटून सांगा, मुलगी लाजेने सांगणार नाही.

पार्कचौपाटी

एक सुचवतो. आमच्या वेळचे जुने खेळाडू आहेत बरेच. कुणी पुण्यात, कुणी हैदराबादला, कुणी इथेच धंद्यात. दरवर्षी आम्ही वर्गणी काढून मुलांना टी-शर्ट देतो. त्याऐवजी ते पैसे मुलींच्या संघाला एक बाई प्रशिक्षक ठेवायला वापरले तर? मानधन द्यायचं, वर्षभराचं.

खडूफळा

होऊ शकतं. पैसे परस्पर देऊ नका, माजी विद्यार्थी संघामार्फत महाविद्यालयाकडे द्या आणि त्यांच्याकडून नेमणुकीचं पत्र निघू द्या. पत्र नसेल तर त्या बाईंना संघासोबत अधिकृतपणे प्रवास करता येणार नाही, आणि उद्या अर्ज करताना तो अनुभवही धरला जाणार नाही.

निळासावळा

याला माझा पाठिंबा, पण एका वर्षासाठी करणार असाल तर करू नका. पुढच्या वर्षी वर्गणी कमी पडली की तीच गत.

भुईकोट

निळासावळा, अगदी हेच मी लिहिणार होते. निदान तीन वर्षांचं पत्र हवं. म्हणजे आज पहिल्या वर्षाला आलेली मुलगी तिसऱ्या वर्षाला जाईपर्यंत समोर तीच बाई. आणि पहिल्या वर्षी आंतरमहाविद्यालयीनला काय निकाल लागला यावरून तिला काढायचं नाही, हे आधी ठरवून घ्या. पहिल्या वर्षी हरणारच. समिट यांना पहिल्या विजेतेपदाला तेरावा हंगाम लागला, आपण तेरा मागत नाही, तीन मागतोय.

पार्कचौपाटी, तुमच्या जुन्या खेळाडूंची बैठक ठेवा, मी येते. हुतात्मा_एक्सप्रेस, तूही ये. पाळीचं आणि प्रवासाचं जे लिहिलंस ते तिथे सगळ्यांसमोर बोल. मुलांनी ते ऐकलं पाहिजे.

हुतात्मा_एक्सप्रेस

येते मॅडम. शनिवार-रविवार ठेवा, सकाळच्या गाडीने पुण्याहून निघाले तर दुपारी पोचते.

विणकर

मॅडम, सकाळची वेळ चालेल. मुलीशी बोललो. तिचे सर चांगले आहेत, उद्याच भेटतो. तिच्या आईलाही बरोबर नेतो. एक राहिलं, बुटांचं. तिचे कॅनव्हासचे आहेत, तळ गेलाय. बास्केटबॉलचेच घ्यावे लागतात का, का साधे पळायचे चालतील?

भुईकोट

पळायचे घेऊ नका दादा. बास्केटबॉलमध्ये आडवं थांबणं-वळणं जास्त, पळायच्या बुटात घोटा मुरगळतो. बास्केटबॉलचेच घ्या, पण महागाचे नकोत. सिमेंटच्या कोर्टवर कुठलाही तळ लवकर झिजतो, त्यामुळे तळाचं रबर जाड आणि कडक बघा. संध्याकाळी खरेदीला जा, तेव्हा पाय थोडा फुगलेला असतो, माप बरोबर येतं. आणि मुलीला बरोबर न्या, जाड मोजे घालून.